कळस दिसला

रात्री दोन वाजता शेजारच्या आजींनी मला अल्पाइन गावात सोडलं. २०१९ च्या जूनमधला शेवटचा शनिवार. तिकडे माउलींची पालखी वाटेवर, आणि इकडे अमेरिकेत, युटात, अण्णांची तुळशीची माळ घालून मी सॉल्ट लेकच्या, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या मंदिराकडे निघालेली. बावीस मैल, म्हणजे साधारण ३५ किलोमीटर. पुणे-सासवड टप्प्याहून थोडं जास्तच.

ही वाट जॉन मॉइल या पाथरवटाची. दर सोमवारी पहाटे दोनला निघून तो चालत मंदिराच्या कामावर जायचा, शुक्रवारी चालत परत. गाईच्या लाथेने पाय असा मोडला की कापावाच लागला. घराचं दार काढून त्यावर त्याला बांधलं आणि करवत चालवली. पुढे त्याने स्वतःच लाकडाचा पाय तासला आणि पुन्हा तीच वाट धरली. आजी हे सांगताना दरवेळी दारापाशी अडतात.

पॉइंट ऑफ द माउंटनच्या चढावर दिवे घाट आठवला. टाचेला फोड आला, बसून पट्टी लावली. जखमेवर लाकूड घासत तो हाच चढ कसा चढला असेल!

सँडी शहरापाशी उजाडलं. उजवीकडे लिटल कॉटनवुडची खिंड. मंदिराचा दगड इथला, सुरुवातीला बैलगाड्यांवरून नेलेला. ६ एप्रिल १८५३ ला कोनशिला बसली, ६ एप्रिल १८९३ ला मंदिर उघडलं. मध्ये १८५८ साली सरकारी फौज येतेय म्हणून पाया मातीखाली बुजवला होता.

त्याआधी इलिनॉयमधल्या नावू गावात मॉर्मन लोकांनी मंदिर बांधलं, तेव्हा गाव सोडावं लागणार हे ठरलेलंच होतं. तरी १८४५-४६ च्या हिवाळ्यात पाच हजारांवर लोकांनी तिथे विधी करून घेतले, मगच मिसिसिपी ओलांडली. इमारत मागे राहिली, १८४८ मध्ये जळाली. आत घेतलेली वचनं मात्र ते सोबत घेऊन आले. मंदिर त्यांना कशासाठी हवं, हे मला त्यावरून उमगलं. रविवारच्या प्रार्थनेला साधी चर्चं आहेत. मंदिरात नवरा-बायको, आईबाप-लेकरं मरणापलीकडेही बांधली जातात. बाप्तिस्मा न घेता गेलेल्यांसाठी, बारा बैलांच्या पाठीवर तोललेल्या कुंडात, जिवंत माणूस त्यांच्या नावाने बुडी घेतो. तो बाप्तिस्मा स्वीकारायचा की नाही, हे त्या मृताने ठरवायचं. अण्णांचं तर्पण केलेल्या मला हे परकं वाटलं नाही.

पण आत बाहेरच्यांना प्रवेश नाही. सभासदालाही बिशपच्या सहीचं कार्ड लागतं. विठोबाच्या पायांवर डोकं टेकणाऱ्या घरातली मी, मला हे अजून खुपतं. १९७८ पर्यंत तर कृष्णवर्णीय सभासदांनाही आतले मुख्य विधी बंद होते. ते ऐकल्यावर चोखोबांची समाधी डोळ्यांपुढे आली.

दुपारी स्टेट स्ट्रीटवरून इमारतींच्या फटीतून शिखरावरचा मोरोनी या देवदूताचा सोनेरी पुतळा दिसला. अण्णा म्हणायचे, कळस दिसला की दर्शन झालं. मी रस्त्यातच हात जोडले.

पूर्वेच्या भिंतीवर उंच कोरलंय, ‘परमेश्वरासाठी पवित्र’. ती अक्षरं मॉइलचीच, असं त्यांच्यात सांगतात. खाली नव्या नवऱ्या फोटो काढत होत्या. आजी पांढऱ्या कपड्यांची पिशवी घेऊन बाहेर आल्या. आज त्यांनी ज्या मुलीसाठी विधी केला, ती इंग्लंडात चौदाव्या वर्षी वारली होती. नावाखेरीज तिचं काहीच उरलेलं नाही.

मी कठड्यावर बसून बूट काढला. फोड फुटला होता. आजी गुडघे धरत खाली बसल्या, पिशवीतून पांढरा रुमाल काढला आणि माझी टाच बांधू लागल्या.