माणसाइतकं हुशार यंत्र: कोणत्या मार्गाने?

तुम्ही विचारलंत म्हणून. माणसाच्या तोडीचं यंत्र बनवायचे इतके मार्ग सांगतात, त्यातला चालणारा कोणता? एकटा कोणताच नाही, असं माझं ठाम मत आहे.

सगळ्यात जुना मार्ग नियम लिहून देण्याचा. 'पक्षी उडतो' असं लिहिलं की पेंग्विन आडवा येतो. त्याला अपवाद केलं की पंख मोडलेला कावळा, मग नुकतंच अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू. असं व्यवहारज्ञान हाताने भरायला संगणकशास्त्रज्ञ डग्लस लेनाट यांनी 1984 मध्ये 'साइक' प्रकल्प सुरू केला. लाखो विधानं भरूनही अपवाद संपले नाहीत. पण असं यंत्र निष्कर्षापर्यंत कसं आलं ते पायरीपायरीने तपासता येतं, आणि हा गुण फार मोलाचा आहे.

मेंदूची हुबेहूब नक्कल करण्याची वाट मला सगळ्यात लांबची वाटते. एका सूत्रकृमीच्या 302 चेतापेशींच्या जोडण्यांचा नकाशा 1986 मध्येच छापून आला. तरी त्याचं पूर्ण वागणं अजून संगणकावर उभं राहिलेलं नाही. जोडणी कुठे आहे ते नकाशा सांगतो. ती किती जोरकस आहे, पुढच्या पेशीला चेतवते की दाबते, हे त्यातून नीट कळत नाही. माणसाच्या मेंदूत अशा सुमारे 8,600 कोटी पेशी आहेत.

सध्या चलती आहे ती न्यूरल नेटवर्कची, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या साध्या गणिती घटकांच्या जाळ्याची, जे उदाहरणांवरून शिकतं. भाषेच्या मॉडेलला अर्धवट मजकूर देऊन पुढचा शब्द ओळखायला लावतात, चूक मोजतात आणि ती कमी होईल अशा बेताने सगळे वेट्स, म्हणजे त्या जोडण्यांचा जोर ठरवणारे आकडे, किंचित सरकवतात. 2020 च्या जीपीटी-3 या भाषेच्या मॉडेलमध्ये असे 17,500 कोटी आकडे होते. इथे मोजलं जातं ते पुढे काय येणं संभवतं हे, खरं काय ते नाही. म्हणून मॉडेल न घडलेली गोष्टही बिनदिक्कत सांगतं.

माझा भरवसा नियम आणि नेटवर्क यांच्या जोडकामावर आहे. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भूमितीची गणितं सोडवणाऱ्या अल्फाजिऑमेट्री या प्रणालीत नियमांचं इंजिन सिद्धता पुढे नेतं. ते अडलं की नेटवर्क एखादा नवा बिंदू किंवा रेषा सुचवतं, आणि इंजिन पुन्हा कामाला लागतं. गणिताच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड स्पर्धेतल्या भूमितीच्या 30 गणितांपैकी 25 त्याने सोडवली. मात्र भूमितीत सिद्धता बरोबर की चूक हे यंत्रालाच ठरवता येतं. आजाऱ्याला वाईट बातमी कशी सांगावी, यासाठी असं तपासणारं इंजिन अजून कोणाकडेच नाही.