सरांनी गरे मोजायला लावले त्याची गोष्ट

सुवर्णमहोत्सवाचं पत्र आलं, "शाळेविषयी चार शब्द लिहा" म्हणून. पण मला शाळा म्हटलं की सायन्सचे सरच आठवतात, बाकीच्या गुरुजी-बाईंनी राग मानू नये.

टाकीमागचा फणस सगळ्यांना माहीतच आहे. खानापूर तालुक्यात फणसाला काय तोटा, पण तो कापा होता, गरा कसा कडक, ओल्या खोबऱ्यासारखा. आठवीत असताना आम्ही तिघांनी मधल्या सुट्टीत त्याचा एक पाडला, तोही कच्चा, आणि कंपासातल्या करकटकानं फोडायला बसलो. चीक म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. बोटाला बोट चिकटलं, पाण्यानं धुतलं तर आणखीनच घट्ट, त्यात माझा हात केसात गेला. पुढचा तास सरांचाच. "हात वर कर गा" म्हणाले, मी केला, तर हाताबरोबर वहीपण वर आली.

मारलं नाही. शिपाईमामांकडनं गोडेतेल मागवून हात चोळायला लावले, आणि पुढच्या आठवड्यात त्याच झाडाचा पिकलेला फणस वर्गात आणून, सुरीला तेल लावून चिरला आणि आम्हा तिघांना गरे मोजायला बसवलं. १४३ भरले. सर म्हणाले, "एकेक गरा म्हणजे एकेक फूल, आणि ह्या मधल्या चिवट पट्ट्या म्हणजे न फळलेली फुलं. एक फळ नव्हे, अख्खी गल्ली चोरलासा की मर्दानो!" मग खायला दिलं. वर ताकीद, आठळ्या वाळवायच्या नाहीत, वाळली की मेली, ओली असतानाच पुरायची. मी एक परड्यात पुरली.

अशा माणसाला लोक फणसासारखे बाहेरून काटेरी आतून गोड वगैरे लिहितात, पण खरं सांगतो, सर आतूनपण काटेरीच होते, अर्धा मार्कसुद्धा फुकट दिला नाही कधी.

आज माझी नर्सरी आहे, फणसाची कलमं गोव्यापर्यंत जातात, केरळनं २०१८ मध्ये फणसाला राज्यफळ केलं तेव्हा तर मी स्टेटस ठेवलं होतं. आणि तो टाकीमागचा फणस नव्या बिल्डिंगसाठी तोडला हे मला दोन महिन्यांनी कळलं. बिल्डिंग झकास आहे, टाइल्स वगैरे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण गावभर कलमं बांधत फिरणाऱ्या मला त्या झाडाची एक काडी कापून आणायला कधी सवड झाली नाही, रोज त्याच रस्त्यानं जात होतो. परड्यातलं झाड आहे की, असं मनात धरून बसलो होतो, पण फणसाचं बी आईवर जाईलच असा नेम नसतो, हे मीच गिऱ्हाइकांना सांगतो. त्याला लागला तो बरका, पार गिळगिळीत.

गेल्या मे महिन्यात सरांना घरी नेऊन दिला. दोन गरे खाल्ले, आठळी हातावर काढली आणि म्हणाले, "बरं झालं बरका निघाला गा, कापा चावायला दात कुठायत आता?"