गोदावरीची घागर आणि नामदेवांची ६१ पदे

सोलापूरहून तुळजापूर, लातूर असा प्रवास करीत एस.टी. नांदेडच्या बसस्थानकात शिरली, तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. माझी आजी रोज संध्याकाळी हरिपाठ झाल्यावर नामदेवांचा एखादा अभंग म्हणत असे. तेच नामदेव शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात ६१ पदांच्या रूपाने विराजमान आहेत, हे मला प्रथम समजले ते महाविद्यालयात, नांदेडच्या एका शीख मैत्रिणीकडून. तिच्या घरी यायचे तेव्हाच ठरले होते. प्रत्यक्ष येईपर्यंत वीस वर्षे गेली आणि आजीही गेली, याची खंत मनात घेऊनच मी तिच्या दारात उभी राहिले.

मैत्रिणीची दादी नव्वदीकडे झुकलेली. तिने माझा हात हातात घेऊन अस्सल मराठवाडी बोलीत विचारले, "लई उशीर केला गं माय, जेवली का?" समोर ताट आले त्यात ज्वारीची भाकरी, वाटलेला ठेचा आणि उडदाची दाट डाळ होती. या घरात वडीलधाऱ्यांशी पंजाबी, बाजारात हिंदी आणि शेजारी मराठी असा व्यवहार चालतो, आणि एका भाषेतून दुसरीत जाताना कोणी क्षणभरही थांबत नाही. त्यांचे पूर्वज लाहोरी फौजेबरोबर दक्षिणेत आले, असे घरात सांगितले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराजा रणजितसिंहांनी निजामाच्या मदतीसाठी पाठवलेल्या या फौजेतील अनेक कुटुंबे हैदराबाद आणि नांदेड परिसरात कायमची राहिली. त्याच महाराजांनी १८३२ ते १८३७ या काळात येथील सचखंड गुरुद्वाऱ्याची आजची इमारत बांधवून घेतली.

मध्यरात्रीनंतर मैत्रिणीने मला उठवले. माघातली थंडी होती आणि सचखंडाच्या परिक्रमेतील संगमरवर अनवाणी पावलांना बर्फासारखा लागत होता. आम्ही एका बाजूला उभ्या राहिलो आणि काही वेळाने गागरिया सिंघ, म्हणजे घागर वाहणारे सेवेकरी, गोदावरीचे पाणी भरलेली घागर घेऊन आत आले. याच पाण्याने अंगीठा साहिबाची सेवा होते. अंगीठा म्हणजे चिता; १७०८ साली गुरू गोविंदसिंहांच्या देहावर जेथे अंत्यसंस्कार झाले, त्याच जागेवर हे गर्भस्थान उभे आहे, आणि तेथे प्रवेश करणारे मुख्य जथेदार, म्हणजे येथील धर्मप्रमुख, आजन्म ब्रह्मचारी असतात. ऊन असो, पाऊस असो, नदीला पूर असो, घागर रोज येते. आमच्याकडे पंढरपूरला काकड आरतीपासून शेजारतीपर्यंत विठ्ठलाचे नित्योपचार चालतात, त्यांची मला आठवण झाली; पण येथे मूर्ती नाही, आणि तरीही नदीचे पाणी तितक्याच जिव्हाळ्याने आणले जाते, हे पाहून माझे डोळे भरून आले.

गुरू गोविंदसिंह नांदेडला आले ते बादशहा बहादूरशहाबरोबर दक्षिणेकडे येत असताना. गोदेच्या काठी त्यांना माधोदास नावाचा बैरागी भेटला. तोच पुढे बंदासिंह बहादूर होऊन पंजाबात परतला आणि १७१० साली त्याने सरहिंद जिंकले. नांदेडातच गुरूंवर हल्ला झाला, आणि ऑक्टोबर १७०८ मध्ये, देह ठेवण्यापूर्वी, त्यांनी देहधारी गुरूंची परंपरा थांबवून ग्रंथालाच गुरुपद दिले. मराठी वाचकाने येथे थोडे थांबावे असे मला वाटते. नरसीला जन्मलेल्या एका शिंप्याची वाणी १६०४ पासून ज्या ग्रंथात होती, त्या ग्रंथाला गुरुपद मिळाले ते त्याच्या जन्मगावापासून काही तासांच्या अंतरावर.

सकाळी घरी परतल्यावर मैत्रिणीचा भाऊ आणि त्याचा बारा वर्षांचा मुलगा अंगणात पगडीच्या लांब कापडाची दोन टोके धरून उभे होते. कापड ताणायचे, झटकायचे, घडीवर घडी घालायची; वडील बोलत नव्हते, मुलगाही बोलत नव्हता, दोघांचे हात मात्र एकमेकांची चाल ओळखत होते. आतल्या खोलीत दादी रेशमी रुमालातून गुटका, म्हणजे नित्य पाठाची छोटी पोथी, काढून जपजी, म्हणजे शिखांची सकाळची प्रार्थना, म्हणत होती. तिची सासू हीच पोथी वाचत असे आणि तिच्या बोटांनी पानांचे कोपरे काळवंडले आहेत, असे तिने मला नंतर दाखवले. आजीच्या हरिपाठाच्या पुस्तकाचे कोपरेही असेच झाले होते. ते पुस्तक आम्ही तिच्यामागे रद्दीत जाऊ दिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही वसमतमार्गे औंढा नागनाथाला गेलो आणि तेथून हिंगोलीच्या पुढे नरसीला. नामदेव कीर्तनाला उभे राहिले असता त्यांना देवळासमोरून हटवले गेले, ते मागच्या बाजूला जाऊन नाम घेऊ लागले आणि देऊळ त्यांच्याकडे फिरले, ही कथा औंढ्याला आजही सांगितली जाते, आणि मंदिरामागचा नंदी तिची साक्ष म्हणून दाखवला जातो. मी ही कथा लहानपणापासून ऐकली होती. मैत्रिणीने ती शबद म्हणून ऐकली होती, कारण हसत खेळत देवळात आलेल्या नाम्याला धरून उठवल्याचे ते पद भैरव रागात ग्रंथ साहिबात आहे. देवळामागे उभी राहून तिने ते हलक्या आवाजात म्हटले. आपली जात हीन, छिप्याच्या घरी मला जन्म का दिलास, असा यादवरायाला केलेला प्रश्न त्या पदात आहे. तो ऐकताना चमत्कार माझ्या मनातून मागे सरला आणि उठवून लावलेल्या माणसाचे दुःख तेवढे उरले. कथा ऐकताना ते मला पूर्वी कधीच एवढे जाणवले नव्हते.

नरसीत मी फार वेळ थांबले नाही. गाव लहान आहे, पंजाबातून येणारे भाविक मात्र तेथे आवर्जून माथा टेकतात. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे नामदेवांचे दीर्घकाळ वास्तव्य होते असे परंपरा मानते, आणि २०१५ साली ८८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथे भरले होते. संमेलनासाठी आपण घुमानपर्यंत गेलो, पण नरसी ते नांदेड हा जवळचा रस्ता किती मराठी माणसांनी पाहिला असेल, असे मला राहून राहून वाटले.

संध्याकाळी रहिरास, म्हणजे सायंप्रार्थना, झाल्यावर सचखंडात दिवे ओवाळून आरती झाली. गुरू नानकांनी ज्यात आकाशाला थाळी आणि चंद्रसूर्यांना दिवे म्हटले आहे, त्या पदाने सुरुवात झाली. पुढे रविदास, कबीर, धन्ना आणि सैण यांची पदे येतात, आणि सैण म्हणजे आमच्या परंपरेतील सेना महाराज, असे मानले जाते. त्यानंतर गुरूंची शस्त्रे एकेक करून संगतीला दाखवण्यात आली: खंजीर, धनुष्ये, बाणांचा भाता, ढाल, तलवारी. प्रत्येक शस्त्राचे नाव उच्चारले जात होते आणि माझ्या शेजारी बसलेला मैत्रिणीचा भाचा ते नाव ओठांतल्या ओठांत आधीच म्हणत होता.

रात्री दादीने मला जवळ बसवले आणि म्हणाली, "तुमच्याकडचा नामदेव म्हण की माय." मी "आधी रचिली पंढरी, मग वैकुंठ नगरी" म्हटला. शब्द अडले तेथे आजीची चाल आठवून पुढे गेले. दादीने तो पुन्हा म्हणायला लावला, मग तिसऱ्यांदा, आणि तिसऱ्या वेळी ध्रुपद तिने माझ्याबरोबर धरले.