आरएक्स १०० मैदानासाठी: आता नंबरच्या पाट्या

यामाहाची आरएक्स १०० मोटरसायकल मैदानातल्या शर्यतीसाठी तयार करतोय. इंजिन बसलं, मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) मोठं झालं, हेडलाइट आणि इंडिकेटर उतरवून डब्यात गेले. या खेपेचं सगळं काम नंबरच्या पाट्यांचं. पाट्यांवर एवढं काय लिहायचं, असं वाटत असेल तर एकदा लॅप, म्हणजे मैदानाच्या फेऱ्या, लिहिणाऱ्याच्या शेजारी बसून बघा.

आमच्याकडच्या मुरुमाच्या मैदानांवर लॅप आपोआप मोजणारा ट्रान्सपॉन्डर वगैरे भानगड नसते. एक निवृत्त गुरुजी छत्रीखाली वही घेऊन बसतात, समोरून गेलेल्या गाडीचा नंबर वाचतात आणि त्यापुढे रेघ ओढतात. नंबर वाचता आला नाही की रेघ नाही, आणि रेघ नाही म्हणजे तो लॅप तुम्ही मारलाच नाही. गेल्या उन्हाळ्यात एका पोराने यावरून वाद घातला, तर गुरुजींनी वहीवरून मान वर न करता सांगितलं, "तुना नंबर माले धूळमा दिखनाच नही, भो." पुढे बोलायला जागाच नाही. तेव्हापासून पाटी गुरुजींच्या खुर्चीवरून बघायची, गाडीवर बसून नाही, असं मी ठरवलंय.

आधी आकडा. आपल्याकडे दर दुसऱ्या पल्सरवर ४६ असतो. तो मोटोजीपी या जागतिक मोटरसायकल शर्यतीतल्या व्हॅलेंटिनो रॉसीचा. रॉसीचे वडील ग्राझियानो यांचाही नंबर तोच होता, पोराने तो पुढे चालवला आणि २०२२ मध्ये इटलीतल्या मुजेल्लोला मोटोजीपीने तो कायमचा निवृत्त केला. खान्देशात मात्र तो अजून जोरात सेवेत आहे. एकाच हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक शर्यतीत, दोन-तीन ४६ आले की गुरुजी खडूने कुणाच्या तरी पाटीवर 'अ', 'ब' करतात. ब्रिटिश शर्यतपटू बॅरी शीनने १९७६ ला जगज्जेता झाल्यावरही जगज्जेत्याचा १ न घेता आपला ७ च ठेवला, ते मला जास्त आवडतं. आकडा एकटा आणि धुळीत ओळखू येणारा. इंग्रजी आकड्यांतले तीन, पाच, सहा, आठ, नऊ आणि शून्य हे सगळे गोलाईवाले. धुळीत त्यांची पोकळी भरली की सगळे सारखेच दिसतात. एक, चार आणि सात सरळ रेघांचे. म्हणून ४७ घेतला. चारचं डोकं उघडं ठेवलं, साताच्या पोटातली आडवी रेघ काढून टाकली. देवनागरी आकडे घालायचा मोह झाला होता, दिसतातही झोकदार, पण ते बहुतेक वळणदारच, त्यामुळे गुरुजींची पंचाईत.

आता माप. समोरच्या आकड्याची उंची १४० मिमी, रेघेची जाडी २५ मिमी, दोन आकड्यांत दोन बोटांची फट. निरोगी डोळ्याला अक्षर ओळखायला अंतराच्या दर मीटरमागे साधारण दीड मिमी उंची लागते. त्या हिशेबाने १४० मिमीचा आकडा स्वच्छ हवेत ९५ मीटरच्या आसपासून वाचता यायला हवा. ताशी ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर कापते, म्हणजे गुरुजींना चार सेकंद मिळाले. धूळ असली की यातले दोन-तीन सेकंद गेले म्हणून समजा.

पाटी मागे झुकली तर आणखी नुकसान. ४५ अंशांत झुकलेल्या पाटीवरचा १४० चा आकडा समोरून जेमतेम १०० मिमीचा दिसतो, ३० अंशांत १२१ चा. बरीच पोरं वाऱ्याचं कारण देऊन पाटी टाकीवर निजवतात. शंभर सीसीच्या गाडीला त्या वाऱ्याने काय फरक पडणार? माझी पाटी फोर्कच्या क्लॅम्पवर जवळजवळ उभी आहे. क्लच आणि ब्रेकच्या केबल तिच्या मागून घेतल्या. बोल्टखाली जुन्या ट्यूबचे वॉशर घातलेत, नाहीतर टू-स्ट्रोकच्या थरथरीने भोकं लांबट होतात.

पाटीला माल आपल्या जळगाव पट्ट्यात कशाला विकत आणायचा? केळीच्या शेतात पाइपचे तुकडे पडलेले असतातच. ११० मिमीचा पीव्हीसी पाइप उभा चिरला की ३४५ मिमी रुंदीचा पत्रा निघतो, त्यात समोरची पाटी आरामात बसते. पीव्हीसी ८० अंशांच्या पुढे नरम पडतं. उकळतं पाणी ओतून, दोन फरशांमध्ये दाबून थंड होईपर्यंत ठेवलं की सपाट. आगीवर धरू नका, जळालं तर त्याचा धूर विषारी. काळा एचडीपीई पाइप जास्त चिवट, आपटला तरी तुटत नाही, पण त्याला ना रंग धरत ना रेडियम. म्हणून तो बाजूला ठेवला.

खरी डोकेफोड झाली ती रंगाची. जुन्या ग्रां प्रीत, म्हणजे मोटरसायकलच्या जागतिक शर्यतींत, पाटीच्या रंगावरून वर्ग कळायचा: ५०० सीसीला पिवळ्यावर काळा, ३५० ला निळ्यावर पांढरा, २५० ला हिरव्यावर पांढरा, १२५ ला काळ्यावर पांढरा, ५० ला पांढऱ्यावर काळा. आरएक्सचं इंजिन ९८ सीसीचं, ते १२५ च्या वर्गात बसतं, म्हणजे परंपरेने काळी पाटी आणि पांढरा आकडा. मीही तशीच केली होती, दिसत होती झकास. पण उन्हाळ्यात मुरुमाची फिकट धूळ काळ्यावर बसली की पाटी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी होते आणि पांढरा आकडा तिच्यात विरून जातो. तीच धूळ पांढऱ्या पाटीवर फारशी कळतही नाही, काळा आकडा बऱ्यापैकी टिकतो. पावसाळ्यात सगळं उलटं. काळ्या मातीचा चिखल पांढऱ्या पाटीवर उडाला की तिथे नसलेल्या रेघा तयार होतात आणि साताचा नऊ वाचला जातो. काळ्या पाटीवर तोच चिखल लपतो, बिघडतो तो फक्त आकड्यावर पडलेला.

त्यामुळे दोन संच केले. मुरुमाला पांढरा, काळ्या मातीला काळा. भोकं एकाच जागी, तीन बोल्ट काढले की बदल. शुद्धतावाद्यांनी उन्हाळ्यात माझी गाडी ५० सीसीची समजावी.

रेडियमवाल्याला दोन गोष्टी ठासून सांगा. चकचकीत नको, मॅट द्या, कारण मेच्या उन्हात ग्लॉसी पाटी आरशासारखी चमकते आणि आकडा गायब होतो. आणि आकड्याला शॅडो, आउटलाइन, ज्वाळा काही नको. हे दुसरं त्याच्या जिवावर येतं. "भाऊ, एकदम साधं दिसेल," म्हणाला. तेच हवंय म्हटलं. चिकटवायचं काम पहाटे करा, साबणाचं पाणी मारून. दुपारी तापलेल्या पाटीवर ते एकदा बसलं की सरकत नाही.

डावी बाजू झाली. उजवीकडे सायलेन्सर आहे, तिथे पीव्हीसी वितळून लोंबेल, म्हणून त्या बाजूला ॲल्युमिनियमचा पत्रा कापतोय आणि खाली हवेला जागा सोडतोय. आरटीओची नंबरप्लेट काढलेली नाही. मैदानापर्यंत गाडी छोटा हत्तीतून जाते, ४७ ची पाटी तिथे पोचल्यावरच चढते. पुढच्या खेपेला उजव्या पाटीचे फोटो आणि ब्रॅकेटची मापं टाकतो.