पॉम्पेईच्या तिकिटावर नाव कुणाचं?

इटलीतल्या पॉम्पेईला जाणार असाल तर आधी घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट टेबलावर काढून ठेवा आणि मगच तिकिटांच्या मागे लागा. १५ नोव्हेंबर २०२४ पासून तिथे दिवसाला जास्तीत जास्त २०,००० माणसं सोडतात आणि प्रत्येकाचं तिकीट त्याच्या स्वतःच्या नावाचं लागतं. आत सोडताना ओळखपत्र मागतात. हा नियम मला पटतो. इसवी सन ७९ मध्ये व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेलं, १७४८ पासून खणून बाहेर काढत आणलेलं शहर आहे ते. रोज किती माणसं त्या भिंतींना घासून जाणार याला मर्यादा हवीच. माझा राग आहे तो तिकिटं विकणाऱ्या मधल्या साइटवर, आणि आम्ही परत येऊन इतके दिवस झाले तरी तो उतरलेला नाही.

पॉम्पेईचा आग्रह सासूबाईंचा. त्यांचं माहेर तेरचं, धाराशिव जिल्ह्यातलं, गोरोबाकाकांचं गाव. तिथल्या लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे. त्याच वळणाची मूर्ती १९३८ मध्ये पॉम्पेईच्या एका घरात सापडली. पॉम्पेईची लक्ष्मी म्हणतात तिला, जरी बरेच अभ्यासक ती यक्षी असावी असं मानतात. जालना जिल्ह्यात भोकरदनलाही अशीच एक मिळाली आहे. तेर म्हणजे जुनं तगर. पैठणहून आणि तगरहून गाड्या भरून माल भडोच बंदरात जायचा, असं त्या काळातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ या पुस्तकात लिहून ठेवलंय. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, लहानपणापासून हे ऐकत आलेल्या. “आपल्याकडची बाई तिकडे कुणाच्या घरात नांदत होती ते बघायचंय मला,” एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

व्हिसा, विमान, नेपल्समधलं हॉटेल, सगळं सुरळीत झालं. अडलं ते तिकिटाशी. अधिकृत साइटवर आमचं कार्ड चालेना. आपल्याकडच्या नव्या कार्डांवर परदेशी ऑनलाइन व्यवहार बंदच असतात, ते बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करावे लागतात. आम्ही केले, तरी पैसे जाईनात. मे महिन्यातले सकाळचे स्लॉट डोळ्यांदेखत भरत होते, म्हणून नवऱ्याने दुसऱ्या एका साइटवरून चौघांची तिकिटं काढली. तिथे फॉर्मवर एकच नाव विचारलं होतं, पैसे भरणाऱ्याचं. पुढे इतरांची नावं विचारतील असं वाटलं, तर थेट मेल आला: चार तिकिटं, आणि चारही नवऱ्याच्या नावावर.

मी लगेच लिहिलं की तिकीट व्यक्तीच्या नावाचं लागतं, एका माणसाच्या नावावर चार जण आत कसे जातील? उत्तर आलं ते छापील: आपली चौकशी आमच्यासाठी महत्त्वाची आहे. मग चॅट. चॅटवर आधी यंत्र, यंत्रानंतर कुणी तरी माणूस, आणि त्या माणसाचंही यंत्रासारखंच बोलणं. बुकिंगमध्ये बदल होत नाही. रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत. हवं तर नवीन बुकिंग करा. मी म्हटलं, बदल नकोय मला, तुम्ही जे विचारलंच नाहीत ते सांगतेय, लिहून घ्या. तर म्हणे हे फक्त व्हाउचर आहे, खरी तिकिटं आदल्या दिवशी येतील. मग नावं कुठे भरायची? त्यासाठी लिंक येईल. ती लिंक येईपर्यंत मी रोज सकाळी उठल्या उठल्या मेल उघडत होते. चहासुद्धा नंतर.

लिंक आली आणि खरा घोळ तिथे सुरू झाला. त्यात दोनच रकाने, नाव आणि आडनाव. आईंच्या पासपोर्टवर, आपल्याकडे पुष्कळ बायकांचं असतं तसं, नावाच्या रकान्यात त्यांचं नाव आणि त्यापुढे माझ्या सासऱ्यांचं नाव, आणि आडनाव वेगळं. मी पासपोर्टप्रमाणे जसंच्या तसं भरलं. साइटने त्यातले पहिले दोन शब्द उचलले आणि आडनाव गाळलं. म्हणजे तिकिटावर सासऱ्यांचं नाव हेच आईंचं आडनाव झालं. माझं उलट. माझा पासपोर्ट माहेरच्या नावाचा आहे, लग्नानंतर मी बदलला नाही. मी माहेरचं आडनाव टाकलं, तर छापून आलं नवऱ्याचं! विचारलं तर उत्तर, एकाच बुकिंगमध्ये एकच आडनाव येतं. माझं नाव काय असावं हे ती साइट ठरवणार? मी पासपोर्टच्या पानाचा फोटो पाठवला, आईंचाही पाठवला, वर लाल रेघा मारून काय कुठे चुकलंय ते दाखवलं. दर वेळी नवा माणूस, दर वेळी सगळं पहिल्यापासून सांगायचं.

मुलीचं आणखी वेगळं. ती चौदाची. इटलीतल्या सरकारी संग्रहालयांत आणि अवशेषांच्या ठिकाणी १८ वर्षांखालच्यांना प्रवेश फुकट आहे, मुलं कुठल्याही देशाची असोत. तिकीट मात्र काढावं लागतं, शून्य रकमेचं. या साइटने तिचे मोठ्या माणसाएवढे पैसे घेतले होते. लहान मुलं घेऊन जाणाऱ्यांनी हे आधी तपासा.

आदल्या रात्री नेपल्समध्ये तिकिटं तशीच चुकीची हातात. आई म्हणाल्या, “अगं, मी राहते हॉटेलात, तुम्ही जाऊन या.” त्यांचं ते बोलणं ऐकून मला जे वाटलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. ज्यांच्यासाठी एवढा प्रवास, त्यांनीच मागे राहायचं? मी फोन आणि चारही पासपोर्ट घेऊन खाली रिसेप्शनवर गेले. तिथल्या मुलीने शांतपणे सगळं वाचलं, व्हाउचरवर अगदी बारीक अक्षरात इटलीतला एक नंबर होता तो शोधला आणि इटालियनमध्ये बोलायला लागली. आधी गोड, मग चढ्या आवाजात. पासपोर्टवरची अक्षरं एकेक करून तिने फोनवर सांगितली, आईंचं नाव तर दोनदा. रात्री उशिरा नवी तिकिटं आली आणि त्यावर आम्ही चौघं जसे आहोत तसे होतो. त्या मुलीला मी पेढे दिले, जवळ होते ते सगळे.

सकाळी गेटवर प्रत्येकाचा पासपोर्ट उघडून पाहिला आणि आत सोडलं. आमच्या पुढच्या एका कुटुंबाला नावं जुळत नाहीत म्हणून बाजूला उभं केलं होतं. मला त्यांच्याकडे बघवेना.

आता रस्त्याचं सांगते. नेपल्सच्या गारिबाल्दी स्टेशनातून सर्कमवेसुव्हियाना ही लोकल घ्या, सोरेंतोकडे जाणारी, आणि ‘पॉम्पेई स्कावी – व्हिला देई मिस्तेरी’ला उतरा. पॉम्पेई नावाचं दुसरं स्टेशन नव्या गावात आहे. गाडीत गर्दी असते, पर्स पुढे धरा. स्टेशनासमोरच पोर्ता मरीना हे दार आहे, पण गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल तर तिथून शिरू नका, चढ आहे. पियाझ्झा अँफितेआत्रोच्या दाराने जा. तिथून चाकाच्या खुर्चीलाही जाता येईल असा साडेतीन किलोमीटरचा सपाट केलेला मार्ग सुरू होतो. आई त्यावरून काठी न टेकता चालल्या. इतर रस्ते काळ्या दगडाच्या मोठमोठ्या लाद्यांचे, त्यात गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या. चपला घालून जाऊ नका. आणि पिशवी ३० बाय ३० बाय १५ सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल तर आत नेऊ देत नाहीत, हे मी आधीच सांगायला हवं होतं. पाण्याची बाटली ठेवा, आत नळ आहेत. सावली जवळजवळ नाही.

अँफिथिएटरजवळच्या बागेत पळता पळता पडलेल्या तेरा जणांचे साचे आहेत. राखेत देह नाहीसे होऊन पोकळ्या राहिल्या होत्या, त्यांत प्लास्टर ओतून ते काढलेले. ही पद्धत जुझेप्पे फियोरेल्ली यांनी १८६३ मध्ये सुरू केली. मुलगी तिथून हलेना. मग वीया देल्लाब्बोन्दान्त्सा हा लांब रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानं. खाण्याच्या दुकानांचे ओटे अजून जागेवर आहेत, त्यांत मोठे रांजण पुरलेले आणि ओट्यावर फक्त गोल तोंडं. पावाच्या भट्टीपाशी लाव्हाच्या दगडाची कमरेएवढी जाती. आईंनी एकावर हात ठेवून टाकी कुठे लावलीय ते पाहिलं.

याच रस्त्यावर ते घर आहे ज्यात हस्तिदंताची मूर्ती सापडली. रेजिओ (म्हणजे विभाग) १, इन्सुला (घरांचा गट) ८, दार ५. नकाशावर आधीच खूण करून ठेवा, नाही तर पुढे निघून जाल. त्याला भारतीय मूर्तीचं घर असंच नाव आहे. आम्हाला ते बाहेरूनच पाहता आलं. आईंनी उंबऱ्यापाशी वाकून आतल्या अंगणाचा अंदाज घेतला आणि घर काही फार मोठं नाही असं म्हणाल्या.

मूर्ती स्वतः पॉम्पेईत नाही. ती नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात, गुप्त दालन म्हणतात त्या खोलीत आहे. जेमतेम २५ सेंटिमीटर उंच, दोन बाजूंना दोन दासी, डोक्यात वरून खाली भोक, म्हणजे आरशाची मूठ किंवा एखाद्या सामानाचा पाय असावा. अंगावर दागिन्यांशिवाय काही नाही, पण कमरेची मेखला आणि पायांतले वाळे कोरणाऱ्याने मणी मणी मोजून केलेत. आई काचेला नाक लावून बघत होत्या. तेरच्या मूर्तीचे पाय तुटलेत, हिचे शाबूत आहेत, असं त्यांनी मला दोन-तीनदा दाखवलं.

संग्रहालय मंगळवारी बंद असतं. पॉम्पेई मंगळवारी करा आणि संग्रहालय बुधवारी.