ॲम्स्टरडॅममधला इंग्रज सिंह

चार दिवस कालवे, सायकली आणि पाऊस. ते सगळ्यांनीच लिहिलंय, मी सोडून देते. राइक्सम्युझियमचं मात्र सांगायलाच हवं. तिकीट माणशी २५ युरो. भाचीने मला पाकीट उघडूच दिलं नाही, त्यामुळे पैसे वसूल करायची जबाबदारी माझ्यावर! रेम्ब्रांटच्या 'नाइट वॉच' या चित्रासमोर दिसले फक्त लोकांचे मोबाइल. वैतागून जहाजांच्या दालनात शिरले, तर समोर भलंमोठं लाकडी कोरीवकाम. सिंह, एकशिंगी घोडा, मधे इंग्लंडचं राजचिन्ह. डचांच्या घरात हे कशाला?

तर हा 'रॉयल चार्ल्स' या जहाजाच्या पिछाडीचा तुकडा. जून १६६७. इंग्रज-डच युद्ध चालू, डचांच्या ब्रेडा गावी तहाची बोलणी चाललेली, इंग्रजांच्या खजिन्यात खडखडाट. तह होणारच, मग खर्च कशाला, म्हणून इंग्रजांनी मोठी जहाजं आपल्या मेडवे नदीत चॅटमजवळ नांगरून ठेवलेली, खलाशी जेमतेम. डच ॲडमिरल डी रॉयटरचं आरमार थेट नदीत घुसलं, गिलिंगहॅमपाशी आडवी बांधलेली साखळी तोडली, बरीच जहाजं जाळली आणि हे ओढत हॉलंडला नेलं. १६६० साली इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच जहाजातून मायदेशी परतला होता. (हाच तो, ज्याने १६६८ मध्ये मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंडांवर देऊन टाकली. भाचीला आपलं घरभाडं आठवलं.) डचांच्या उथळ पाण्यात ते जहाज काही कामाचं नव्हतं, १६७३ मध्ये मोडीत काढलं.

"मावशी, चल ना, भूक लागलीय." पण मी बाकावर बसून मोबाइलवर वाचत होते. इंग्रज खलाशांना पगाराऐवजी तिकिटं मिळायची, म्हणजे 'पैसे नंतर' अशी चिठ्ठी. पोटासाठी बिचारे ती कमी किमतीत विकून टाकायचे. आरमाराच्या कचेरीतल्या सॅम्युअल पीप्सने रोजनिशीत लिहून ठेवलंय की डच जहाजांवरून चक्क इंग्रजीत ओरडणं ऐकू येत होतं: आधी तिकिटांसाठी लढायचो, आता डॉलरसाठी (म्हणजे तेव्हाच्या डच नाण्यांसाठी) लढतो!

मी एवढ्या मोठ्याने हसले की रखवालदाराने वळून पाहिलं. माझ्या पहिल्या नोकरीत चार महिने 'पुढच्या सोमवारी नक्की' हाच पगार होता. पाचव्या महिन्यात मी समोरच्या कंपनीत गेले, आणि जाताना दोन गिऱ्हाइकंही घेऊन गेले. इतकी वर्षं त्याची थोडी लाज वाटायची.

त्या चार महिन्यांचे पैसे अजून यायचेत.