आमची वाटचाल: पाट्यांपासून पोर्ट्रेटपर्यंत

आमचं मूळ काम पाट्या रंगवण्याचं. कोल्हापुरात शिवाजी पेठेत वडिलांचं दुकान होतं. दुकानांच्या पाट्या, तालमीच्या भिंतीवरचा मारुती, ट्रकची पाठ, गणपतीतले पडदे, येईल ते काम घ्यायचं. फ्लेक्स आला, चौरस फुटाच्या भावाने रातोरात बोर्ड मिळू लागले आणि हाताने अक्षर काढून घेणारं गिऱ्हाईक संपलं. मग आम्हीही काही वर्षं फ्लेक्सचीच डिझाइनं केली. मधे साहेब आणि खाली शुभेच्छुकांचे पन्नास फोटो. पोट भरलं, पण हात बिघडायला लागला.

वाट सापडली ती जुने फोटो दुरुस्त करताना. लोक फाटके, बुरशी लागलेले फोटो आणत, "जरा रंग भरा" म्हणत आणि पुढे "आजीचं मोठं चित्रच करून द्या" म्हणू लागले. तेव्हा मी आणि धाकट्या भावाने पेन-टॅब्लेट घेतला, म्हणजे पेनाने थेट संगणकात चित्र काढायची पाटी. वडिलांना ते पटायला वेळ लागला. मी त्यांना बाबूराव पेंटरांचं उदाहरण द्यायचो. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या त्या माणसाने सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला. यंत्र हातात घेतलं म्हणून चित्रकार बाटतो, असं निदान कोल्हापुरात तरी कोणी म्हणू नये.

सुरुवातीची आमची चित्रं गुळगुळीत व्हायची. संगणकात 1 कोटी 67 लाख रंग मिळतात आणि नवखा माणूस ते सगळे वापरू बघतो. आम्हाला ताळ्यावर आणलं जुन्या चित्रकारांनी. स्वीडनचे अँडर्स झोर्न पांढरा, पिवळी माती, शेंदरी आणि काळा एवढ्या चार रंगांत माणूस उभा करत. उबदार कातडीशेजारी काळ्या-पांढऱ्याचा करडा निळाच भासतो! आम्ही तेच चार रंग स्क्रीनच्या कोपऱ्यात मांडून ठेवले. एक फरक मात्र शिकावा लागला. निळ्यावर पिवळा अर्धा पारदर्शक करून फिरवला तर संगणक हिरवा देत नाही, मळकट करडा देतो. त्यामुळे मिश्रणं आधीच करून ठेवावी लागतात.

कापडासाठी आमचे गुरू चित्रकार म. वि. धुरंधर. ते 1867 साली कोल्हापुरातच जन्मले. त्यांची नऊवारीतली बाई बघा, चुणीआड गुडघा कुठे आहे, वजन कोणत्या पायावर आहे, हे कळतं. म्हणून फोटोत आजीचा फक्त चेहरा असला तर आम्ही घरातल्याच कुणाला तरी नऊवारी नेसवून खिडकीपाशी बसवतो आणि त्या चुण्या बघून काढतो. उजेड मात्र फोटोत ज्या बाजूने असेल त्याच बाजूने घ्यायचा. आधी सगळं करड्यात, उजेड-सावली पक्की होईपर्यंत रंग बंद. रविवर्म्यांच्या छापखान्यात एकेका रंगाचा वेगळा दगड असायचा. आमच्याकडे त्या जागी लेयर आहेत, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले वेगवेगळे थर.

सर्वांत जास्त मागणी कशाला? "रविवर्म्याची ती दिवा घेतलेली बाई असते ना, तसं आमच्या मुलीचं करा." ते चित्र रविवर्म्याचं नाही, सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं आहे. म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमध्ये आहे, आणि तेही जलरंगात. त्यासाठी त्यांची मुलगी गीता उभी राहिली होती. त्या गीताबाई उपळेकर पुढे आमच्याच गावात राहत आणि 2018 साली, वयाची शंभरी ओलांडून गेल्या. एवढं सांगितलं तरी काहीजण रविवर्म्यावरच ठाम असतात.

त्या चित्राची नक्कल आम्ही करत नाही. चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतात. हळदणकर 1968 साली गेले. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर या चित्रकारांचंही तेच. पण उजेड शिकायला कोण अडवतं? ज्योतीआड धरलेल्या बोटांतून तो झिरपतो. कातडीवर उजेड संपून सावली सुरू होते, त्या काठावर आम्ही लाल-नारिंगीची बारीक रेघ ओढून पुसट करतो. तेवढ्याने कातडीखाली रक्त आल्यासारखं वाटतं. सगळा चेहरा गोरा-गुळगुळीत केला की हे मरतं. "सुरकुत्या काढून टाका" हा हट्ट आम्ही पुरवत नाही. त्यापायी ऑर्डरी गेल्या आहेत.

छपाई हे वेगळंच दुखणं. पडद्यावरचा मोरपिशी शालू कागदावर विझतो, सावलीतला तपकिरी चिखल होतो. म्हणून आधी हाताएवढा तुकडा छापून बघतो, मग 24 बाय 36 इंचाचा कॅनव्हास. काम करताना चूक दिसावी म्हणून चित्र आरशासारखं उलटं करून बघायची सवय आहे. ते तसंच उलटं राहू नये म्हणून फाईल देण्याआधी भाऊ दोनच गोष्टी तपासतो. नथ डाव्या नाकपुडीत आणि पदर डाव्या खांद्यावर आहे ना?

हल्ली लोक मोबाईलवर एआयने केलेलं चित्र दाखवतात, "हे फुकटात झालं" म्हणतात. छान असतं. पण आजीच्या डाव्या भुवईवरचा व्रण त्यात नसतो, आणि तो नसला की घरातली म्हातारी माणसं "ही आमची नव्हे" म्हणून मोकळी होतात.

आता आम्ही चौघं आहोत. काम घेताना निम्मी रक्कम आगाऊ, करड्या टप्प्यावर घरच्यांना एकदा दाखवायचं आणि चेहऱ्यातले बदल तिथेच करून घ्यायचे. रंग चढल्यावर नाक हलवत नाही, हे पावतीवरच छापलंय.